नवी गाडी, नवे आवाज

मुक्ताईची पालखी ज्येष्ठात कोथळीहून निघते. दिंडीमागे पाणी, वळकट्या आणि थकलेल्या आयाबायांना नेण्यासाठी आम्ही धरणगावात नवी फोर-व्हील जीप घेतली. तिसऱ्याच दिवशी ती खर्र खर्र वाजू लागली.

तुमची वाजली तर आवाज कुठून येतो हे नंतर. कधी येतो ते आधी पाहा. आमचे पखवाजवाले बुवा मागे बसून मात्रा मोजत होते. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल केली, तरी खर्र चाकाच्याच लयीत. म्हणजे इंजिन निर्दोष! फिटरने चाक उतरवलं, तर डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये हरभऱ्याएवढा खडा.

वळताना गाडी कण्हत, अडखळत असेल तर फोर-व्हील लागलेलं नाही ना, ते बघा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालतात. चिखलात ती घसरून तो फरक काढतात, डांबरावर तशी सोय नाही.

पावसाळ्यात आपली काळी माती रिंगच्या आत एका अंगाला वाळते आणि स्टेअरिंग थरथरतं. त्याला फिटर कशाला, खुरपं पुरे. पण गिअर टाकताच खालून ‘टक्’ झालं, तर शाफ्टचा क्रॉस त्याच दिवशी तपासून घ्या. आत म्हातारी माणसं बसायची आहेत.