कॅमेऱ्याकडे बघू नका हं!

हल्ली फोटो काढताना कॅमेऱ्याकडे बघायचं नसतं. एकमेकांकडे बघायचं, आकाशाकडे बघायचं, नाहीतर खाली काहीतरी सांडलंय अशा नजरेने जमिनीकडे बघून गोड हसायचं. याला ‘कँडिड’ म्हणतात! पूर्वी हा प्रकार लग्नाच्या अल्बमपुरता होता, आता तो सुट्टीतही शिरलाय. उदयपूर असो, हंपी असो, हॉटेल आणि टॅक्सीच्या जोडीला फोटोग्राफरही बुक होतो. दोन तास तो आपल्यामागे फिरतो आणि पंधरा दिवसांनी एक लिंक येते. त्यात आपण इतके निवांत, इतके सुखी दिसतो की आपल्यालाच आपला हेवा वाटावा.

मला विचाराल, तर यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. सेल्फीत एकाचा हात लांब येतो आणि बाकीच्यांची कपाळं मोठी येतात. शिवाय सेल्फीत सगळे एका रांगेत मान वाकडी करून उभे. आई-बाबा तर त्यात कायम अर्धेच. मग वर्षातून एकदा कुणीतरी नीट, समोरून, हात न थरथरता आपला फोटो काढला, तर बिघडलं काय? प्रश्न फक्त एवढाच, की नक्की कशाचा फोटो काढायचा?

गेल्या डिसेंबरात दादा-वहिनी चार वर्षांनी टोरंटोहून आले. सोबत पाच वर्षांची भाची. मुक्काम दहा दिवस. त्यात नातेवाईक, खरेदी, दाताचा डॉक्टर आणि वहिनीच्या लिस्टवर ठळक अक्षरात ‘फॅमिली शूट’. ‘‘आपला सगळ्यांचा एकत्र असा एकही धड फोटो नाहीये,’’ ती म्हणाली. हे खरं होतं. बाबांनी विचारलं, किती? मी सांगितलं, बावीस हजार. दोन तास, दोन कपडे बदल, चाळीस एडिटेड फोटो, एक रील. ‘‘बावीस हजारात मी अख्खा कॅमेरा घेतला असता,’’ बाबा म्हणाले. बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाकडून दुसरं काय ऐकणार!

वाडा नसलेला वाडा

वहिनीला जुनं पुणं हवं होतं. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, तुळशीबागेच्या गल्ल्या. ‘‘इतक्या हिस्टॉरिक शहरातले आपण, आणि आपले फोटो कुठले, तर मॉलमधले!’’ तिचा मुद्दा बरोबर होता. पण शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. आपण मोबाइलवर फोटो काढणं वेगळं आणि लाइट-स्टँड घेऊन धंद्याचं शूटिंग करणं वेगळं. त्याला आधी परवानगी काढावी लागते. फोनवरच्या कोऑर्डिनेटर बाईंनी एका वाक्यात विषय संपवला, ‘‘मॅम, तिथे परमिशनचा इश्यू असतो.’’

‘‘आणि वाडा आहे कुठे तिथे?’’ बाबांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं. खरंच की. १७३२ साली वास्तुशांत झालेला वाडा १८२८ च्या आगीत गेला. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि आतली जोती. फोटोग्राफीची जगाला ओळख झाली ती १८३९ साली. म्हणजे पेशव्यांच्या वाड्याचा फोटो फक्त अकरा वर्षांनी हुकला!

शेवटी बाईंनीच मुळशी सुचवलं. ‘‘लेक व्ह्यू आहे, गर्दी कमी, संध्याकाळचा लाइट एकदम ड्रीमी.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मुळशी म्हटलं की आपल्याला आठवतं काय, तर पावसाळ्यातली ताम्हिणी, कणसं, भजी आणि वीकेंडचं ट्रॅफिक. तसे आपल्यापैकी कित्येक जण रोज मुळशीलाच जातात, त्यांना माहीत नसतं इतकंच. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येतं! पण आयडी कार्ड गळ्यात घालून जातो ती मुळशी वेगळी आणि चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत जातो ती वेगळी.

ड्रेस कोड आला. पेस्टल. आईने ‘पेस्टल म्हणजे उडालेला रंग ना’ असं विचारून घेतलं आणि आपली मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवली. वहिनी दोनदा काहीतरी म्हणायला गेली आणि शहाण्यासारखी गप्प बसली.

पाण्याखालचा पत्ता

आमचा फोटोग्राफर निघाला जेमतेम चोवीस-पंचवीसचा पोरगा. एजन्सीचा नव्हे, एजन्सीने दिवसावर घेतलेला. दादाला ‘दादा’, बाबांना ‘काका’, आईला ‘मावशी’. पाच मिनिटांत त्याने भाचीला खिशात घातलं. ‘‘कॅमेऱ्याकडं बघायचं नाय हं, तिकडं बघायचं, ते बेट दिसतंय ना, तिकडं!’’

कपडे बदलायच्या गडबडीत बाबा आणि तो बोलत उभे होते. कुठला रे तू? इथलाच की, काका. इथला म्हणजे? त्याने हात लांब करून पाण्याच्या मध्यावर कुठेतरी बोट दाखवलं. ‘‘त्या टेकाडाच्या अलीकडं. पणजोबांचं घर होतं तिथं, असं म्हणतात. आता तिथं पाणीच आहे.’’

आपल्याला मुळशी सत्याग्रह माहीत असतो, तो शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरता. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीचा जलविद्युत प्रकल्प ठरला. वीज मुंबईसाठी. मावळातली पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच सेनापती बापट झाले. विनायकराव भुस्कुटे होते, शंकरराव देव होते. लढा १९२४ पर्यंत चालला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण झालंच. १९२७ पासून हे पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून खाली कोकणात भिऱ्याला उतरतं आणि वीज करतं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. २००९ साली आलं ते. आणि आपल्याकडे त्या पाण्याचं आजचं नाव काय? ‘लेक व्ह्यू’!

मी त्या पोराला विचारलं, इथे असे फोटो काढताना काही वाटत नाही का रे? तो लेन्स पुसत होता. ‘‘वाटायचं काय ताई, मी काय बघितलंय का गाव? आजोबांनीपण नाही बघितलं धड. मला एकाच गोष्टीचं वाटतं. गावाचा एकपण फोटो नाही कुणाकडं. असता ना, तर मी मस्त रिस्टोर करून दिला असता सगळ्यांना.’’

त्याचा सूर तक्रारीचा नव्हता. एखाद्या कारागिराला आपल्या हातातलं एक काम करायचं राहून गेल्याची रुखरुख असते, तसा होता. पेशव्यांच्या वाड्याच्या वेळी कॅमेराच नव्हता. या गावांच्या वेळी कॅमेरा होता, फोटो स्टुडिओ होते, पण मावळातल्या भातखाचरांचा फोटो कोण कशाला काढेल? फोटो कशाचा निघतो आणि कशाचा नाही, हे काही फक्त तंत्राने ठरत नाही.

पवना धरणात वाघेश्वराचं देऊळ आहे, वर्षातले बरेच महिने पाण्यात असतं. उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळही दुष्काळात असंच वर येतं. ती वर आली की आपण कॅमेरे घेऊन धावतो. सुंदरच दिसतात ती. पण देवळं दगडाची, म्हणून टिकली. कुडाच्या भिंती, ओटे, गोठे कशाला वर येतील?

‘पुढे लागेल’

एव्हाना ऊन कलायला लागलं होतं. दादा-वहिनींचे ‘कपल शॉट्स’ झाले, भाचीला हवेत उडवून झालं, आई-बाबांना हातात हात घालून चालायला लावून झालं. (बाबा आईच्या चार पावलं पुढे चालतात, त्यामुळे हा शॉट सात वेळा घ्यावा लागला.) पोराने कॅमेरा बॅगेत टाकायला घेतला, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘बाळ, एक माझा एकट्याचा काढ. सरळ. कॅमेऱ्यात बघणारा. पुढे लागेल.’’

एकदम शांत झालं सगळं.

‘पुढे लागेल’चा अर्थ आमच्या घरात प्रत्येकाला कळला होता. आजोबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकट्याचा फोटो सापडला नव्हता. मग आत्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला. तो आजही हॉलमध्ये आहे, आणि त्यात आजोबांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. हात कुणाचा, ते कुणालाच आठवत नाही.

शिवाय मे महिन्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. दोन स्टेंट. दादाला तेव्हा येता आलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर सगळं ‘ऑल ओके’ होतं, आणि इथे येऊन आठवडा झाला तरी त्या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

‘‘अहो, काय बोलताय! तिन्हीसांजेची वेळ,’’ आई म्हणाली. ‘‘वास्तू तथास्तु म्हणत असते.’’

‘‘म्हणायला इथे वास्तू कुठे आहे?’’ बाबा म्हणाले. ‘‘सगळ्या पाण्यात आहेत. काढ रे तू.’’

त्या पोराने मात्र कमाल केली. तो हसला नाही, ‘असं नका बोलू काका’ वगैरे म्हणाला नाही. बॅग खाली ठेवली, वेगळी लेन्स लावली, बाबांची कॉलर नीट केली, चष्म्यावर चमक येत होती म्हणून त्यांना जरासं वळवलं. ‘‘मागचं ब्लर करू का, काका?’’

‘‘नको. आहे ते दिसू दे.’’

बाबा कॅमेऱ्यात बघत राहिले. हसले नाहीत, पण रागावलेलेही नव्हते. बँकेत कुणी कागद नीट भरून आणला की ते जसे बघत असतील, तसे बघत होते. मग आई पदर सारखा करत पुढे झाली. ‘‘आता काढतोच आहेस, तर माझाही काढ.’’ त्या सबंध संध्याकाळीत ‘इकडं बघा’ असं तो फक्त या दोघांना म्हणाला.

दादा तोवर पाण्याच्या कडेला जाऊन उभा होता, पाठमोरा. परतीच्या वाटेवर पौडला चहा घेतला, तेव्हाही बोलला नाही. रात्री घरी आल्यावर त्याने मला विचारलं, ‘‘बाबांची हॉस्पिटलची फाइल कुठे आहे?’’ मग बाबा आणि तो डायनिंग टेबलवर रिपोर्ट पसरून दीडपर्यंत बसले होते. कुठली गोळी कधी, कुठल्या डॉक्टरांना कधी दाखवायचं, पुढच्या वेळी फोन आधी कुणाला करायचा. मी आणि आई आतून ऐकत होतो. मे महिन्यात जे बोलायला हवं होतं, ते डिसेंबरात बोललं गेलं. बावीस हजार तिथेच वसूल झाले!

बुकिंग करताय? मग हे बघा

पुढे पंधरा दिवसांनी लिंक आली. चाळीस फोटो देखणे होते, वहिनी खूश. त्यात बाबांचा तो फोटो नव्हता. शॉट लिस्टमध्येच नव्हता ना! एजन्सीने ‘एक्स्ट्रा इमेज’चे वेगळे पैसे सांगितले. पोराने मात्र त्याच रात्री आई-बाबांचे दोन्ही फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून दिले होते.

तेव्हा तुम्ही असं शूट ठरवत असाल, तर चार गोष्टी आधीच लेखी घ्या. न एडिट केलेले फोटो मिळणार का? जास्तीच्या फोटोला किती? लोकेशनची परवानगी कुणी काढायची, आणि ड्रोन उडवणार असतील तर त्याची? धरणाच्या भिंतीजवळ असला हट्ट धरूच नका. कपडे बदलायला जागा कुठे, हेही विचारा, नाहीतर घरच्या मावशी-काकूंना गाडीत पडदे धरून बसावं लागतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे चारची वेळ दिली असेल तर पावणेचारला पोचा.

आणि शॉट लिस्टमध्ये एक ओळ तुमच्या हाताने लिहा. प्रत्येकाचा एक फोटो. एकट्याचा, सरळ कॅमेऱ्यात बघणारा. घरातले थोरले विषय काढायची वाट बघू नका, त्यांना तो फोटो हवा असतो. शक्य असेल तर फोटोग्राफर तिथल्याच गावचा घ्या आणि तुम्ही कशासमोर उभे आहात, ते त्याला विचारा.

शेवटचं म्हणजे, प्रिंट काढाच. बाबांच्या फोटोचा आम्ही सहा बाय आठचा प्रिंट काढला. त्यांनी तो भिंतीवर लावू दिला नाही, एफडीच्या फाइलमध्ये नीट ठेवून दिलाय. त्याआधी मागे बॉलपेनने तारीख घातली आणि खाली ‘मुळशी, धरणाच्या काठी’ असं लिहिलं. तुम्हीही लिहा. ते लिहायचं राहिलं, की पुढच्या पिढीला नुसता लेक व्ह्यू दिसतो.