कासच्या पठारावर गुडघे टेकून

वाचकहो, गेली तीस वर्षे मी गावोगाव फिरून आपणांस एकच गोष्ट सांगत आलो. तण वेळीच उपटा, फुलावर येऊ देऊ नका. तोच मी गेल्या सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून, ज्यांना आपण बांधावर तणच म्हणू अशा झाडांचे फोटो काढीत होतो. घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "आता शेतकऱ्यांनी बघितलं नाही म्हणजे मिळवलं!"

आम्ही सहाजण होतो. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई, एक रोपवाटिकावाले, दोघे शाळामास्तर, एक बँकेतले गृहस्थ आणि मी. धंदे निरनिराळे, पण झाड दिसले की गाडी थांबवायची खोड सर्वांना सारखीच. पहाटे सातारा सोडला आणि यवतेश्वरचा घाट चढून उजाडता उजाडता पठारावर पोचलो. साताऱ्याहून अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण उंची सुमारे चार हजार फूट. पाऊस थांबला होता, धुके मात्र अंगावरून वाहत होते.

पठार म्हणजे काय, तर वर जांभा खडक आणि त्यावर चार बोटे माती. कित्येक ठिकाणी तर तीही नाही. उन्हाळ्यात आलात तर इथे काही उगवत असेल असे वाटणार नाही. पावसाळ्यात खडकाच्या खोलगट जागी पाणी साचते, त्यात बी रुजते आणि ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सगळे आटोपते. फुलायचे, बी धरायचे आणि पाणी आटण्याआधी मोकळे व्हायचे. आपल्या कोरडवाहू पिकाची जी घाई असते, तीच. पश्चिम घाटातील निवडक जागांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासही आहे.

आमच्यासमोर गुलाबी तेरड्याचा पट्टा पसरला होता. आपण गौरीला आणतो त्या तेरड्याचाच हा भाऊबंद, अंगाने लहान. त्याच्या कडेने पांढऱ्या बटणांसारखे गेंद, आणि मध्ये मध्ये कवल्याची पिवळी फुले. कवल्याच्या पाकळ्यांवर दोन तांबडे ठिपके असतात, म्हणून शहरातली मुले त्याला 'मिकी माउस' म्हणतात. मला त्यात उंदीर दिसला नाही. मला दिसले ते द्विदल कुळातले झाड. आपल्या हरभऱ्यासारख्याच त्याच्याही मुळांवर गाठी असतात आणि हवेतला नत्र त्या जमिनीत धरतात. फुकटचे खत! कोकणात तर काही जातींच्या कवल्याची पावसाळ्यात भाजीही करतात.

पण माझे डोळे उघडले ते सीतेच्या आसवांनी. नाव ऐकून आपणांस वाटेल, काय करुण फूल! निळसर जांभळे, नखाएवढे, ओल्या जागी हजारोंनी. बाईंनी सांगितले, "साहेब, हे झाड मांसाहारी आहे." चिखलात त्याला बारीक बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाला लागला, की दार उघडते, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार मिटते. जवळच दवबिंदू नावाचे दुसरे झाड होते. त्याच्या पानांच्या केसांवर चिकट थेंब चमकतात. माशी दव समजून बसली, की तिथेच अडकली.

हे असे का? शेतकऱ्याला कारण चटकन समजेल. धो धो पावसाने इथली माती धुऊन निघते, तिच्यात नत्र आणि स्फुरद नावालाच उरते. मातीतून मिळत नाही म्हणून ही झाडे किड्यांपासून घेतात. आणि इथेच माझी आयुष्यभराची शिकवण उलटी झाली. या जमिनीत कोणी मायेपोटी शेणखत किंवा युरियाची मूठ टाकली, तर गवत माजेल आणि उपाशी राहायला शिकलेली ही बारकी झाडे त्याखाली दडपून जातील. चराईवरूनही म्हणूनच वाद आहे. चराई बंद केली तर गवत वाढते म्हणणारे आहेत आणि गुरांनी फुले तुडवली जातात म्हणणारेही आहेत. मला विचाराल तर थोडी चराई, तीही फुलोरा सोडून, यात काही वावगे दिसत नाही. पण हे माझे मत, तिथल्या लोकांनी ठरवायची गोष्ट ती.

आता फोटोचे सांगतो. भर उन्हात फुलाचा रंग पांढुरका येतो. सकाळी किंवा ढगाखाली काढावा, ऊन असले तर सोबत्याने छत्री धरावी. एकट्या फुलाचा फोटो दिसतो छान, पण ओळख पटवायला अपुरा. अख्खे झाड, पान दोन्ही बाजूंनी आणि मग फूल, असे तीन-चार फोटो हवेत. आपण पिकावरच्या रोगाचा फोटो मोबाइलवर पाठवता ना, तिथेही हेच करा. नुसता पिवळा ठिपका बघून माझ्यासारख्याला काही सांगता येत नाही.

अशीच छत्री धरून एका आसवाचा फोटो काढायला मी कोपरावर आडवा झालो. उठतो तो मागून आवाज आला, "ओ सायेब, कुठं निजलाय बगा जरा!"

वनसमितीतर्फे राखणीला असलेली जवळच्या गावातली बाई होती. भोवतालच्या गावांची समिती वनखात्याबरोबर पठार सांभाळते. मी खाली पाहिले. जिथे कोपर आणि गुडघा टेकला होता, तिथली माती गाळासकट सरकून खालचा खडक उघडा पडला होता. परातीएवढी जागा. आमच्या मास्तरांनी "चुकून झालं" म्हणून बाजू घेतली, पण ती ऐकेना. म्हणाली, "दिसाला हजारानं मानसं येत्यात दादा, समदीच चुकून येत्यात."

मी मृदसंधारणाचे बांध घालून घेतलेला माणूस. मातीचा एक थर व्हायला किती काळ लागतो यावर शेतकरी मेळाव्यांत भाषणे दिलेली. काही बोलता आले नाही. माफी मागितली, तेव्हा तीच नरमली. मग माझे बूट बघून म्हणाली, "आनि ह्यो चिकूल कुठला?" आदल्या दिवशीच्या शिवारफेरीचा चिखल तळव्याला तसाच होता. १९५५च्या सुमारास पुण्याजवळ आढळलेले गाजरगवत अशाच चिखलातून, टायरांतून गावोगाव पोचले, हे मी आपणांस किती वेळा सांगितले असेल! रस्त्यावर जाऊन सहाजणांनी बूट धुतले.

दुपारपर्यंत आम्ही वाटेवरूनच फोटो घेतले. टोपली कारवी पाहिली, पालथ्या टोपलीसारखी झुडुपे, सात वर्षांनी एकदा फुलणारी. यंदा नुसती पानेच होती. परतताना तिला फोटो दाखवले. तिने बोटाने एकेक सरकवला, दवबिंदूवर थांबली आणि म्हणाली, "जलम गेला हितं, पर ह्येचे केस कवा दिसले न्हाईत."

तो कोपरावर आडवे होऊन काढलेला फोटो चांगला आला आहे. मधले फूल स्वच्छ, निळेजांभळे. डाव्या कोपऱ्यात चिखलात दबलेली तीन आसवे दिसतात. मास्तर म्हणतात, तेवढा भाग कापून टाका. मी अजून कापलेला नाही.