दाराला साधी जाळी लावताना

खिडक्यांना जाळी बहुतेक घरांत असते, दार मात्र संध्याकाळी सताड उघडं. मग तुम्ही मला विचारता, "डॉक्टर, कॉइल चांगली की लिक्विड?" मी आधी दाराबद्दल विचारतो.

ही युक्ती जुनी आहे. १९०० साली सॅम्बन आणि लो या दोन डॉक्टरांनी इटलीत, ऑस्टियाजवळच्या मलेरियाग्रस्त भागात जाळ्या लावलेल्या झोपडीत ऐन मोसमात मुक्काम केला. दिवसा ते बाहेर हिंडत, सूर्यास्तापूर्वी आत येत. मलेरिया झाला नाही. मात्र मलेरियाचा डास रात्री चावतो, म्हणून त्यांचं भागलं. डेंग्यूचा एडीस दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. दिवेलागणीला दार लावून घेईपर्यंत तो आत आलेला असतो. म्हणून जाळी दिवसभर लागते.

दुकानात जाळीचा रंग नंतर बघा, आधी इंचभर लांबीत भोकं मोजा. सोळा ते अठरा असली की डासासाठी पुरे. त्याहून बारीक जाळी घेतली तर वारा अडतो, मग उकाड्यानं कोणीतरी ती उघडीच ठेवतं.

भाड्याच्या घरात मला चुंबकाची पडदा-जाळी बरी वाटते. मधून दोन भाग, आपण गेलो की मागे आपोआप मिटते, हातात पिशव्या असल्या तरी अडत नाही. वेल्क्रोची पट्टी ऑइलपेंटच्या चौकटीवर नीट बसते, चुन्याच्या भिंतीवर पोपडे घेऊन सुटते. दाराची उंची-रुंदी मोजून न्या. जाळी लांब झाली की खाली लोळते आणि मधे मिटत नाही. आखूड झाली की उंबरठ्याशी फट राहते.

घरात वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी असतील तर पडदा नको. तो वॉकरमध्ये अडकतो, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडणं डेंग्यूपेक्षा लहान दुखणं नाही. तिथे सुताराकडून बिजागरीचं जाळीचं दार करून घ्या: स्प्रिंग हलकी, खाली नवी पट्टी आडवी नको, फटीसाठी दाराच्याच खालच्या कडेला ब्रश. मांजर किंवा उंदीर असतील तर फायबर टिकत नाही, खालच्या भागाला तरी स्टीलची जाळी हवी. घडीच्या महागड्या जाळ्या छान दिसतात. पण त्यांची खालची पट्टी कचऱ्यानं भरते आणि दोऱ्या तुटतात, त्यामुळे मी त्या सुचवत नाही.

एक गोष्ट मात्र जाळीच्या हातात नाही. मनीप्लँटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे, कूलर यांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तो घरातच जन्मला तर जाळी त्याला तुमच्यासोबत आत कोंडते. आठवड्यातून एकदा हे सगळं पाणी ओतून भांडी घासा.

आणि घरात कुणाला डेंग्यूचा ताप असेल तर पहिले पाच-सहा दिवस त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, दाराला जाळी असली तरी. त्याच्या रक्तात तेव्हा विषाणू असतो. आत शिरलेला एखादा डास त्याला चावला, तर आठ-दहा दिवसांनी तोच डास शेजारच्या खाटेवरच्या बाळाला डेंग्यू देऊ शकतो.