जामला एक लढत व्हावी

टेनिस हा एकट्यानं खेळायचा आणि घरच्यांनी पोसायचा खेळ आहे, असं आपण धरून चालतो. त्यात तथ्य बरंच आहे. मुलगी आठ वर्षांची असते तेव्हा तिचा खेळ वडिलांच्या स्कूटरवर अवलंबून असतो. बारा-तेराव्या वर्षी प्रशिक्षकाची फी, रॅकेटचं गटिंग, सारखे फाटणारे बूट आणि मानांकनासाठी या शहरातून त्या शहरात फिरणं सुरू होतं. अठराव्या वर्षापर्यंत घरचे पैसे आणि दम दोन्ही संपत आलेले असतात, बारावीनं एक वर्ष खाल्लेलं असतं आणि नेमकी तेव्हा ती कॉलेजात पाऊल टाकते. बहुतेकींचं टेनिस इथेच सुटतं. दोष मुलीचा नसतो, आईबापांचाही नसतो. खेळाची जबाबदारी कुटुंबाकडून कुणीतरी उचलून घ्यायची वेळ आलेली असते आणि घ्यायला कुणी पुढे येत नाही. कॉलेजच्या मुलींचा संघ आणि त्या संघाची स्वतःच्या गावातली स्पर्धा, या दोन गोष्टी त्यासाठीच हव्यात, असं माझं म्हणणं आहे. आणि विदर्भात अशी स्पर्धा भरवायची तर ती नागपुरापेक्षा वर्धा जिल्ह्यातल्या जामला भरवावी.

घरानं सगळं दिलं तर काय घडतं, याचं उदाहरण आपल्याकडे फार जुनं आहे. लीला राव 1934 साली विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत जिंकल्या. तिथं सामना जिंकणारी ही पहिली भारतीय स्त्री. त्यांची आई म्हणजे संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिता क्षमाबाई राव, ज्यांनी सत्याग्रहावर संस्कृत काव्य रचलं आणि ज्या स्वतःही टेनिस खेळत. वडील मुंबईतले नामवंत डॉक्टर. विद्या, पैसा, मोकळीक आणि खेळणारी आई, सगळं एका छताखाली. अशा घराचं कौतुक जरूर करावं, पण त्यावर खेळाची व्यवस्था उभी राहत नाही. घरं क्वचित अशी असतात आणि त्या घरातून येते ती एकच मुलगी.

संघाचं गणित निराळं असतं. अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसमध्ये एका लढतीत दुहेरीचे तीन सामने होतात, त्यांतले दोन जिंकणाऱ्याला एक गुण मिळतो. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक गुण. सातांपैकी चार ज्याचे, लढत त्याची. म्हणजे सहाव्या क्रमांकावर खेळणाऱ्या मुलीच्या विजयाला पहिल्या क्रमांकाच्या विजयाइतकीच किंमत. हे सगळं आपोआप आलं नाही. 1972 च्या ‘टायटल नाईन’ या कायद्यानं सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला मनाई केली आणि त्यानंतर मुलींच्या संघांवर पैसा खर्च होऊ लागला. कित्येक वर्षं तिथल्या वरच्या श्रेणीत मुलींच्या टेनिस संघाला आठ शिष्यवृत्त्या देता येत आणि मुलांच्या संघाला साडेचार. आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले याच व्यवस्थेत, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली आणि पुढे 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत तिनं मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. तिचं यश एका विद्यापीठाच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं होईल. पण दुहेरीत लागते ती जोडीदाराला सांभाळून घेण्याची सवय एकट्यानं स्पर्धा फिरून कितपत लागते, याची मला शंका आहे.

आपल्या मातीतला दाखलाही आहे. एप्रिल 2025 मध्ये पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग चषकाची आशिया-ओशनिया गटाची स्पर्धा झाली. भारतीय मुली पहिल्या दिवशी न्यूझीलंडकडून हरल्या, मग उरलेल्या चारही लढती जिंकून प्ले-ऑफला पोहोचल्या. त्या संघात बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती. पुण्याच्या वैष्णवी आडकरनं त्याच वर्षी जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळवलं. संघात पहिल्याच दिवशी हरल्यावरही उद्या पुन्हा त्याच कोर्टावर, त्याच माणसांपुढे उतरायचं असतं. बाद फेरीत एकटी हरलेली मुलगी मात्र त्याच रात्री बॅग भरते.

आता जामकडे येऊ. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आणि वरोरा, भद्रावतीवरून चंद्रपूरला जाणारा रस्ता इथे वेगळे होतात. समुद्रपूर शेजारी, हिंगणघाट जवळ, वर्धाही फार लांब नाही. विदर्भातल्या लोकांना जाम माहीत असतं ते गाडी थांबवून चहा-नाश्ता करायचं ठिकाण म्हणून. पण विद्यापीठांच्या नकाशात या चौरस्त्याला वेगळा अर्थ आहे. नागपूर विद्यापीठ 1923 चं. 1983 मध्ये अमरावती वेगळं झालं, 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालयं तिकडे गेली. कारभाराच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. गडचिरोलीच्या पोरीनं एका मार्कशीटसाठी नागपूर का गाठावं? पण मुलींच्या टेनिससारख्या मुळात तुरळक खेळाचं प्रत्येक फाळणीत नुकसान झालं. आधीच मोजके असलेले संघ तीन ठिकाणी विभागले गेले. जामला वर्धा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी यजमानपद घेतलं आणि नागपूर आणि चंद्रपूर अशा दोन्ही बाजूंच्या संघांना निमंत्रण दिलं, तर हे संघ पुन्हा एकमेकांसमोर येतील. एसटीनं निघून संध्याकाळी परतता येईल, मुक्कामाचा प्रश्न नाही. मुलींच्या संघाबाबत मुक्कामाचा प्रश्न किती दारं बंद करतो, हे शारीरिक शिक्षणाच्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा.

यावर पहिला आक्षेप पैशाचा आणि तो हलका नाही. मुलींच्या कबड्डीला बारा मीटर बाय आठ मीटर जागा पुरते आणि तेवढ्यात चौदाजणी खेळतात. टेनिसला मागची-बाजूची जागा धरून साधारण साडेछत्तीस बाय सव्वाअठरा मीटर लागते, म्हणजे कबड्डीच्या जवळजवळ सातपट, आणि खेळणार दोघी, फार तर चौघी. त्यात आपली काळी जमीन: पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खालची माती काढून मुरमाचा पक्का थर दिल्याशिवाय तिच्यावर कोर्ट टिकत नाही. शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानात टेनिसच्या रेषा बसतात खऱ्या, पण बेसलाइनमागे जेमतेम दोन मीटर उरतात, तेवढ्यात उंच उसळलेला चेंडू परतवता येत नाही. जिनिंगच्या आवारातले सिमेंटचे पट मोठे असतात, पण खेळायच्या दिवसांत त्यांवर कापूस पडलेला असतो. तेव्हा कोर्ट बांधावंच लागेल. मात्र एकच. बिली जीन किंग चषकासारखी दोन एकेरी आणि एक दुहेरी अशी लढत ठेवली तर एका कोर्टावर ती एका दिवसात आटोपते. तालुक्याच्या क्रीडासंकुलाच्या मानानं हा खर्च डोळे फिरवणारा नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा: कबड्डी-खोखोच्या मुलुखात हे साहेबी खूळ कशाला? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची शंभरावर वर्षांची परंपरा ज्या भागात आहे, तिथे हा प्रश्न विचारला जाणारच. पण कबड्डीचं काढून टेनिसला द्या, असं कुणी म्हणत नाही. आणि खेळ साहेबी राहतो तो क्लबच्या फाटकामुळे. चौरस्त्यावर, फुकट बघता येईल अशा जागी आणला तर त्याचा साहेबीपणा किती दिवस टिकेल? कबड्डी तरी गावागावांत खेळली गेली म्हणूनच लोकांची झाली.

तिसरी शंका दर्जाची. तीन-चार संघ, त्यांत एखादी खरी खेळाडू, बाकीच्या कोट्यातल्या गुणांसाठी आलेल्या. ही कसली स्पर्धा? शंका बरोबर आहे, तिचं उत्तर मी दर्जा वाढेल अशा भविष्यवाणीनं देणार नाही. कदाचित वाढणार नाही. चांगली खेळाडू पुण्याला जाईल, परदेशी जाईल, तिनं जावंच. पण उरलेल्या मुलींना वीस वर्षांच्या वयात एकदा तरी आपल्या माणसांपुढे संघासाठी सर्व्हिस करायला मिळणं, ही गोष्ट पदकाच्या हिशेबात बसत नाही म्हणून कमी ठरत नाही. मुलांच्या टेनिसबॉल क्रिकेटच्या रात्रीच्या सामन्यांना दर्जा विचारून कुणी वर्गणी देत नाही.

राहता राहिलं वेळापत्रक. दिवाळी ते महाशिवरात्र हाच वर्ध्याच्या उन्हातून सुटणारा काळ. त्यातही परीक्षा चुकवून डिसेंबरचा पंधरवडा बरा. आणि दुहेरी शेवटी न ठेवता आधी ठेवावी. दोन्ही एकेरी एकाच संघानं जिंकल्या की लढत तिथंच संपते आणि फक्त दुहेरीसाठी आलेली तिसरी मुलगी बॅग न उघडताच परत जाते. दुहेरी सकाळी पहिल्यांदा झाली की प्रत्येक संघातल्या निदान दोघी निकाल लागण्याआधी खेळलेल्या असतात. एकेरीत निकाल लागून गेला तरी उरलेला सामना खेळवावा; बसची वेळ होत आली असेल तर आठ गेमचा एकच सेट.