सत्तावीस गोळे

चौथीच्या वर्गात फळ्यावर ‘आपले सण, आपले पदार्थ’ एवढं लिहिलं, की पुढचा अर्धा तास खडूला हात लावावा लागत नाही. पुरणपोळी, मांडे, तिळगूळ, शेवया, शिरखुर्मा... पोरं नुसती बोलत सुटतात. मागल्या दिवाळीच्या आधी असाच तास चालला होता. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. त्याची मावशी अमेरिकेत असते. तो म्हणाला, “मॅडम, मावशी तिकडच्या सणाला टर्कीचे गोळे करते. पण टर्की तर देश आहे ना?”

वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, बरं का! हे नाव पडलंच मुळी घोटाळ्यातून.

टर्की हा कोंबडीच्या जातकुळीतला, पण अंगापिंडाने चांगला थोराड पक्षी. मूळचा उत्तर अमेरिका आणि मेक्सिकोकडचा. स्पॅनिश लोकांनी तो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात नेला. इंग्रजांना वाटलं, परदेशी माल सगळा तुर्कस्तानच्या व्यापाऱ्यांकडून येतो, तेव्हा हाही तिकडचाच असणार. झालं, नाव पडलं टर्की! आणि तुर्कस्तानात त्याला काय म्हणतात ठाऊक आहे? ‘हिंदी’! म्हणजे हिंदुस्थानचा. पोर्तुगीज त्याला म्हणतात ‘पेरू’. ज्याने त्याने आपल्या दारातून तो दुसऱ्याच्या दारात ढकलला. खऱ्या घरचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही.

आपल्या देशात तो आला गोव्याच्या वाटेने. जहांगीर बादशहाने मुकर्रबखान नावाच्या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं, तिथे मिळतील त्या नवलाईच्या वस्तू आणायला. त्याने आणलेल्या प्राण्यापक्ष्यांत एक टर्कीही होता. 1612 सालची ही गोष्ट. या पक्ष्याचं डोकं आणि मान सरड्यासारखी रंग बदलते, कधी लाल तर कधी पांढरी होते, हे पाहून बादशहाला एवढं अप्रूप वाटलं, की त्याने ते आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं. उस्ताद मन्सूर या चित्रकाराने त्या पक्ष्याचं चित्र काढलं. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण असतो. त्या दिवशी घरोघरी टर्की भाजतात. कुणी त्याच्या खिम्याचे गोळे करून त्यांना सणाची चव आणतात, म्हणजे तिकडचे सुवासिक पाले, क्रॅनबेरी नावाचं आंबट लाल फळ असं काहीबाही घालून.

“मॅडम, आपण दिवाळीची चव घातली तर?” तोच पोरगा पुन्हा म्हणाला.

मी एकदम गप्प झाले. कारण दिवाळीची चव घातलेले गोळे आमच्या घरी झाले होते. 1998 साली. आणि त्या गोळ्यांचा एक हिशेब माझ्या मनात तेव्हापासून चुकलेला होता.

तेव्हा मी चौथीत होते, दादा सहावीत. आमचे आप्पा लासलगावच्या बाजार समितीत हमाल. आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून आमच्या गावाचं नाव तुम्ही भूगोलात वाचलं असेल. 1947 सालापासूनची ही बाजार समिती. त्या वर्षी पावसाने कांद्याचं पीक नासलं, चाळीतला उन्हाळ कांदाही संपत आला, आणि भाव असे चढले की दिल्लीत किलोला चाळीस-पन्नास रुपये द्यावे लागले. पुढे नोव्हेंबरात तिथलं सरकार निवडणुकीत पडलं, तेही कांद्यामुळेच असं लोक म्हणत.

तुम्हाला वाटेल, भाव चढला म्हणजे लासलगावात सगळ्यांची चंगळ! तसं नव्हतं. भाव चढतो तो माल कमी आला म्हणून. आणि हमालाला पैसे मिळतात ते गोणीवर, भावावर नाही. गोण्या कमी तर हमाली कमी. एरवी यार्डात पडलेला, फुटका कांदा आई वेचून आणायची, घरात कांदा कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. त्या दिवाळीत मात्र पडलेला कांदासुद्धा झाडून गोळा होई आणि विकला जाई. लासलगावात राहून कांदा विकत घ्यायचा म्हणजे समुद्राकाठी राहून मीठ विकत घेण्यासारखंच!

भाऊबीजेला आमच्याकडे वशाट असतं. येवल्याहून मामा, मामी आणि त्यांची तीन पोरं येणार होती. आजी माळकरी, ती यात नव्हती. तिच्यासाठी हरभऱ्याच्या डाळीच्या गोळ्यांची आमटी वेगळ्या चुलीवर. उरलेले आम्ही नऊ जण, आणि मटण आणायला पैसे अर्ध्या किलोपुरतेच.

आता अर्धा किलो मटणाच्या फोडी नऊ ताटांत वाढायच्या म्हणजे कुणाच्या वाट्याला नळी, कुणाच्या वाट्याला नुसतं हाड. पाहुण्यांसमोर ते बरं दिसेना. आईने युक्ती काढली. आप्पांना म्हणाली, “खिमा करून आणा. गोळे करते. मोजता तरी येतील.”

पण गोळ्यात घालायला लागतो कांदा. खिमा पुरवठ्याला यावा म्हणूनही आणि मऊ राहावा म्हणूनही. घरात कांदे उरलेले दोन. एक वाटणाला भाजायचा, एक गोळ्यांत. एवढ्याशाने भागणार कसं? आईने फराळाचा डबा उघडला. तळाशी मोडक्या चकल्या होत्या. तिने त्या खलबत्त्यात कुटल्या आणि भुगा खिम्यात मिसळला. चकलीची भाजणी म्हणजे भाजलेले तांदूळ, डाळी, धने, जिरे. शिवाय तीळ आणि ओवा. घरभर असा वास सुटला की आजीनेसुद्धा देवघरातून विचारलं, “काय गं करतेस?”

आईने खिमा खूप वेळ मळला. तेव्हा वाटलं होतं, ही उगाच वेळ घालवतेय. आता कळतं. मीठ घालून खिमा मळला की तो चिकट होतो, आणि शिजताना तोच चिकटपणा घट्ट होऊन गोळ्याला धरून ठेवतो. चकलीचा भुगा मांसातून सुटणारं पाणी शोषून घेतो, म्हणून गोळा कोरडा पडत नाही. सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान असे गोळे वळून, तेलात परतून तिने परातीत काढले आणि वर ताट झाकलं.

“नऊ त्रिक सत्तावीस,” ती म्हणाली. “प्रत्येकाला तीन. कुणी हात लावायचा नाही.”

ती ओवाळणीचं ताट करायला आत गेली. दादा पाणी भरायला गेला होता. पडवीत मी एकटी.

मुलांनो, मी ताट उचललं आणि एक गोळा तोंडात टाकला. गरम होता. जीभ भाजली, तरी थुंकला नाही. चवही धड कळली नाही, इतक्या घाईने गिळला. मग उरलेले गोळे हाताने सारखे केले, जागा दिसू नये म्हणून.

संध्याकाळी ओवाळणं झालं. दादाने मला पाच रुपयांची नोट घातली. साठवलेल्या पैशांतून. ती नोट मुठीत धरून मी पंगतीत बसले.

आई वाढत गेली. मामा, आप्पा, आम्ही पाच पोरं. सात त्रिक एकवीस. मग मामीचं ताट आणि शेवटी तिचं स्वतःचं. मामीचंच लक्ष गेलं. “वन्सं, तुमच्या ताटात दोनच!”

“मला एवढेच पुरे,” आई म्हणाली. पण आप्पांनी ऐकलं होतं. पाहुण्यांसमोर अशी शोभा झालेली त्यांना सहन होईना. “गोळा कुणी खाल्ला?” त्यांनी विचारलं, आणि ते दादाकडेच बघत होते. मोठा तोच होता ना!

दादाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझ्या घशात भाकरीचा घास अडकला. मला वाटलं, आता हा सांगणार.

“मी खाल्ला,” दादा म्हणाला.

आप्पा त्याला नको नको ते बोलले. दादाला गोळे शेवटी खायची सवय. त्याच्या ताटात एक शिल्लक होता. तो त्याने उचलून आईच्या ताटात ठेवला आणि नुसता रस्सा-भाकरी खाऊन उठला. मी बोलले नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पुढे बोलायचं राहूनच गेलं. ती नोट मात्र मी खर्च केली नाही. कितीतरी दिवस ती इतिहासाच्या पुस्तकात होती.

तर पोराने वर्गात विचारलं आणि मला हे सगळं आठवलं. मागल्या भाऊबीजेला मी ठरवूनच ते गोळे केले. टर्की आमच्याकडे कुठला मिळायला! कोंबडीचा खिमा आणला. तोही टर्कीसारखाच, चरबी कमी, म्हणून लवकर कोरडा पडणारा. अर्धा किलोला सात-आठ चकल्यांचा भुगा, एक बारीक चिरलेला कांदा (चिरून जरा मीठ लावून पिळून घ्यायचा, नाहीतर गोळे फुटतात), आलं-लसूण, कोथिंबीर, हळद, काळा मसाला आणि चमचाभर तेल. मीठ बेताने, कारण चकलीत असतंच. रस्सा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा. गोळे उकळत्या रश्शात सोडले की दहा मिनिटं पळी घालायची नाही, पातेलं फक्त हलवायचं. तुम्हाला करून बघायचे असतील तर वळायचं काम तुमचं, चुलीपाशी मात्र घरातलं मोठं माणूस हवं.

दादा आला होता. आईही होती. आप्पा आता नाहीत. मी दादाला ओवाळलं आणि जेवताना त्याच्या ताटात चार गोळे वाढले.

“चार का? मोजून केलेस वाटतं आईसारखे?” तो हसला.

मी पळी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. त्या वेळी गोळा मी खाल्ला होता, तू माझ्यासाठी बोलणी खाल्लीस, वगैरे सगळं. इतक्या वर्षांचं साचलेलं, त्यामुळे भराभर बोलले. दादा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

“तुझ्यासाठी?” तो म्हणाला. “अगं, मी खरंच खाल्ला होता! पाण्याची कळशी ठेवायला पडवीत आलो तेव्हा.”

“मग माझ्याकडे का बघितलंस?”

“तू मला खाताना पाहिलंस की काय, म्हणून!”

आम्ही दोघंही गप्प. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. सत्तावीसमधून दोन गेले तर उरले पंचवीस. पण ताटांत तर सव्वीस होते. सात त्रिक एकवीस, मामीचे तीन, आईचे दोन. मी बोटांवर पुन्हा मोजलं. तेवढेच.

आई भाकरीचा तुकडा मोडत होती. आमच्याकडे न बघताच म्हणाली, “अठ्ठावीस केले होते मी. एक जास्तीचा. कुणीतरी एकजण चोरणार हे मला माहीत होतं. दोघं चोराल असं नव्हतं वाटलं.”

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. मग त्याच्याकडे ताट सरकवून म्हणाले, “म्हणजे तुझा जो गोळा आईच्या ताटात गेला, त्यातला अर्धा मी तुला देणं लागते.”

“दे,” तो म्हणाला, आणि त्याने ताट पुढे केलं.