दार कुठलं?

मंगरुळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारहून पुणं लांब आहे, आणि भयकथाकार नारायण धारपांच्या पुण्यात जाऊन काय पाहायचं, हा प्रश्न मनात घोळतोय. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बँगोरला भयकथाकार स्टीफन किंगचे वाचक जातात. वटवाघळांच्या आकृती असलेलं त्याच्या घराचं लोखंडी फाटक पाहतात, ‘इट’ कादंबरीला प्रेरणा देणारा पाण्याचा मनोरा पाहतात. धारपांच्या (१९२५–२००८) वाचकाला असं फाटक नाही. मला मात्र ही उणीव वाटत नाही. किंगची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी धारपांनी ‘लुचाई’त आणली, ‘इट’ ‘शपथ’मध्ये. मेनमधली भीती मराठी घरात शिरली आणि परकी वाटली नाही. मग ती एका गावाच्या मालकीची कशी?

कुणी म्हणेल, गाव पाहिल्याशिवाय लेखक कळत नाही. किंगबाबत ते बरंचसं खरं आहे; त्याचं काल्पनिक गाव डेरी बँगोरवरूनच उभं राहिलंय. पण धारपांचं बळ वेगळं. त्यांच्या कथांमधलं बंद दार वाचकाच्या ओळखीचंच असतं: जुनं, लाकडी, कडी आतून लावलेलं. मंगरुळपीर तालुक्यातला वाचक ते आपल्याच गल्लीत बसवतो. (धारपांची भाषा साधी आहे, म्हणूनच हे जमतं.) तरी पुण्यात त्यांच्या नावाची एखादी खूण असावी, असं मनापासून वाटतं; प्रेमाला पत्ता लागतोच. तोवर गावातल्या वाचनालयात ‘लुचाई’ची प्रत नसेल, तर ती मागून घ्या.