टोकियोच्या रुळांवरची रॉक गाणी

जपानी रॉक ऐकायला सुरुवात करायची तर 'हॅपी एंड' या बँडपासून करावी. १९७०च्या सुमारास टोकियोतल्या संगीतकारांमध्ये एक वाद पेटला होता. रॉक जपानी भाषेत गाता येते का? युया उचिदा आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींचे म्हणणे होते की जगापुढे जायचे तर इंग्रजीतच गायला हवे. जपानी शब्द रॉकच्या ठेक्यात नीट बसत नाहीत, असाही आक्षेप होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. जपानीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखाच वेळ लागतो, इंग्रजीसारखे जोरकस आघात तिथे नाहीत. हारुओमी होसोनो, एइइची ओताकी, ताकाशी मात्सुमोतो आणि शिगेरु सुझुकी या चौघांनी या आक्षेपाला उत्तर दिले ते गाऊनच. नोव्हेंबर १९७१मध्ये त्यांचा 'काझेमाची रोमान' हा आल्बम आला आणि त्यानंतर त्या वादात फारसा दम उरला नाही.

या आल्बममधले 'काझे ओ आत्सुमेते' हे गाणे प्रत्येकाने ऐकावे. साधी गिटार आणि होसोनो यांचा खालच्या पट्टीतला, कसलीही घाई नसलेला आवाज, एवढ्यावर ते उभे आहे. शब्द मात्सुमोतो यांचे. ते बँडचे ड्रमर होते आणि आओयामा भागात वाढले होते. १९६४च्या ऑलिम्पिकसाठी टोकियोत रुंद रस्ते काढले गेले, तेव्हा तिथल्या जुन्या गल्ल्या पुसल्या गेल्या. आओयामा, आझाबू आणि शिबुया यांच्या आठवणींतून मात्सुमोतो यांनी एक कल्पित गाव उभे केले आणि त्याला वाऱ्याचे गाव म्हटले. गाण्यात सकाळच्या धुक्यातून जाणारी ट्राम येते. हे गाणे निघाले त्याच काळात शहर प्रशासनाच्या ट्राम एकेक करून बंद होत होत्या. आज त्यांतला मिनोवाबाशी ते वासेदा हा एकच मार्ग चालू आहे. सोफिया कोपोला यांच्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' (२००३) या चित्रपटामुळे हे गाणे परदेशात पोचले, पण त्याचे मूळ गाव टोकियोच.

या शहरात रॉक आणि रेल्वे यांची सांगड पडली त्याला व्यावहारिक कारण आहे. घरे लहान, भिंती पातळ आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होऊ नये याची सगळ्यांनाच फिकीर. ड्रम किंवा अ‍ॅम्प्लिफायर घरी वाजवणे अशक्यच. म्हणून बँड तासावर भाड्याने मिळणाऱ्या स्टुडिओत सराव करतात आणि 'लाइव्ह हाउस' म्हणवणाऱ्या छोट्या सभागृहांत वाजवतात. ही सभागृहे बहुधा स्थानकाच्या आसपास, एखाद्या इमारतीच्या तळघरात असतात. साहजिकच एकेका मार्गाला आपापले संगीत लाभले.

चुओ मार्गाचे उदाहरण घ्यावे. एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथून तोझाई मार्गाची थेट गाडी धरली की ती नाकानोनंतर चुओ मार्गाच्या रुळांवर जाते आणि पुढचेच स्थानक कोएन्जी येते. कोएन्जी म्हणजे पंक संगीत, जुन्या कपड्यांची दुकाने आणि स्वस्त खाणावळी. त्याच मार्गावर आणखी पश्चिमेला, कोकुबुन्जी आणि कुनिताची यांच्या हद्दीवर तामारान्झाका नावाचा एक चढ आहे. एरवी दिसायला सामान्यच. पण कियोशिरो इमावानो यांच्या 'आरसी सक्सेशन' या बँडने १९८१मध्ये त्याच्यावर गाणे केले, आणि मे २००९मध्ये इमावानो गेल्यानंतर चाहते तिथे फुले ठेवू लागले. त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे 'आमेआगारी नो योझोरा नी' (१९८०). वरवर ते बिघडलेल्या गाडीबद्दल आहे, पण प्रेक्षकांसमोर त्याला जी धार चढते ती मैफलीच्या ध्वनिमुद्रणातच कळते, म्हणून तेच ऐकावे.

इमावानो यांची थोरवी दाखवणारी दुसरी गोष्ट 'कव्हर्स' या आल्बमची. प्रसिद्ध परदेशी गाण्यांना जपानी शब्द देऊन त्यांनी त्यात अणुऊर्जेला उघड विरोध केला. १९८८मध्ये तोशिबा-ईएमआय कंपनीने तो प्रसिद्ध करायला नकार दिला. तोशिबा ही कंपनी स्वतः अणुभट्ट्या बांधत होती. कंपनीने वृत्तपत्रात जाहिरात देऊन आल्बम अतिशय उत्तम असल्यामुळे तो विक्रीला काढता येत नाही, असे कळवले. शेवटी १५ ऑगस्टला किटी रेकॉर्ड्सने तो आणला आणि तो विक्रीच्या यादीत अव्वल ठरला. गायकाने असे बोलायचे धाडस करणे तेव्हाही सोपे नव्हते, आजही नाही.

पुढच्या पिढीची हाक 'ब्लू हार्ट्स' यांनी दिली. 'लिंडा लिंडा' (१९८७) हे गाणे हळू, जवळजवळ गुणगुणल्यासारखे सुरू होते, गटारातल्या उंदराचे सौंदर्य सांगते आणि मग एकदम उसळते. शब्द इतके सोपे आहेत की जपानी नुकते शिकू लागलेला माणूसही पहिल्याच कराओकेत ते गाऊ शकतो. ज्यांना भव्यता हवी त्यांनी 'एक्स जपान'चे 'कुरेनाई' (१९८९) ऐकावे आणि ज्यांना हळुवार काही हवे त्यांनी 'स्पिट्झ'चे 'रॉबिन्सन' (१९९५). 'फिशमन्स'चे 'लाँग सीझन' (१९९६) पस्तीस मिनिटांचे एकच गाणे आहे. लांबच्या प्रवासाला त्याच्याइतकी चांगली सोबत नाही.

परगावाहून आलेल्यांचे गाणे म्हणजे क्योतोच्या 'कुरुरी' बँडचे 'टोकियो' (१९९८). गाव सोडून राजधानीत आलेला माणूस मागे राहिलेल्या व्यक्तीची आठवण काढतो, एवढाच विषय. पुण्याहून वा नाशिकहून तिथे गेलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. याच बँडचे शिगेरु किशिदा रेल्वेचे निस्सीम प्रेमी. 'आकाई देन्शा' (२००५) हे त्यांचे गाणे शिनागावाहून हानेदा विमानतळ आणि योकोहामाकडे जाणाऱ्या केइक्यू कंपनीच्या लाल गाड्यांवर आहे. त्या कंपनीच्या काही गाड्यांत जर्मन बनावटीचे असे इन्व्हर्टर होते की गाडी सुटताना सप्तकाचे स्वर क्रमाने चढत जात. अशी शेवटची गाडी २०२१मध्ये बंद झाली. केइक्यूने पुढे या गाण्याची धून हानेदाच्या स्थानकावर वाजवायला घेतली, त्यामुळे तिथे उतरणाऱ्या कितीतरी प्रवाशांनी नाव ठाऊक नसताना ती ऐकलेली आहे.

केइक्यूच्याच मार्गावर योकोहामाच्या दक्षिण टोकाला कानाझावा-हाक्केई स्थानक आहे. जवळच्या कांतो गाकुइन विद्यापीठात १९९६मध्ये 'एशियन कुंग-फू जनरेशन' हा बँड जमला. अ‍ॅनिमे पाहणाऱ्यांना त्यांचे 'हारुका कानाता' आणि 'रीराइट' पाठ असते, पण त्यांचे खरे रत्न 'सर्फ बुनगाकू कामाकुरा' (२००८) हा आल्बम. फुजिसावा ते कामाकुरा अशी दहा किलोमीटरची, समुद्राला लगटून जाणारी एनोदेन नावाची छोटी रेल्वे आहे. आल्बममधल्या प्रत्येक गाण्याच्या नावात तिच्या एकेका स्थानकाचे नाव येते. पहिले गाणे फुजिसावाचे, शेवटचे कामाकुराचे. मुळात दहा गाणी होती, मार्गावर स्थानके मात्र पंधरा. उरलेली पाच स्थानके बँडने २०२३मध्ये भरून काढली. शिचिरिगाहामाजवळ घरांची रांग संपते आणि खिडकीत एकदम समुद्र उघडतो, तेव्हा हा आल्बम कानात असावा.

'बोच्ची द रॉक!' या मालिकेची (२०२२) नायिका याच कानाझावा-हाक्केईहून दोन तासांचा प्रवास करून शाळेला जाते. मालिकेतल्या चारही मुलींची आडनावे एशियन कुंग-फू जनरेशनच्या चार सदस्यांवरून घेतली आहेत. त्यांचा बँड वाजवतो ते लाइव्ह हाउस शिमोकिताझावातल्या 'शेल्टर'वर बेतलेले आहे. १९९१पासून चालू असलेले ते तळघर आजही नव्या बँडना उभे राहायला जागा देते.

अशा ठिकाणी जाण्यात अवघड काही नाही. एका संध्याकाळी तीन-चार बँड पाठोपाठ वाजवतात. लाइव्ह हाउसचा परवाना बहुधा उपाहारगृहाचा असतो, म्हणून तिकिटाशिवाय एक पेय घ्यावेच लागते आणि त्याचे पाचशे-सहाशे येन दारातच मोजावे लागतात. दारावरचा माणूस हमखास विचारतो, कोणता बँड ऐकायला आलात? हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. नवख्या बँडवर ठराविक तिकिटे खपवण्याचे बंधन असते आणि ती खपली नाहीत तर फरक त्यांच्याच खिशातून जातो. कोणत्या बँडसाठी किती माणसे आली याची नोंद त्या उत्तरावरून होते. तेव्हा जाण्याआधी एका तरी बँडची गाणी ऐकून ठेवावीत आणि दारात त्याचे नाव जरूर सांगावे.